वाचकांचे प्रश्न : थिएटरमध्ये कोण कोणाला थांबवणार?

(या वेळी उत्तरं देत आहेत गावोगावच्या नर्सिंग होममध्ये जाऊन भूल देणाऱ्या एक भूलतज्ज्ञ.)

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आधी वॉर्डात, मग थिएटरच्या दारात, शेवटी टेबलावरही त्यांना तेच विचारलं: नाव काय, कोणती बाजू? पेनाने बाणसुद्धा काढला. बाबा घाबरून गेले. म्हणाले, यांनाच ठाऊक नाही तर कापणार काय? हा गोंधळ समजायचा का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही हो. कोणीच काही विचारलं नसतं तर मी घाबरले असते. आपल्याकडे एकाच वॉर्डात दोन पाटील हमखास असतात. त्यातून घाबरलेल्या माणसाला 'तुम्ही पाटीलच ना? डावी बाजू ना?' असं विचारलं, तर तो कशालाही 'हो' म्हणतो. म्हणून नाव आणि बाजू त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, तीही भूल देण्याआधी. एकदा मी औषध दिलं की बाबा काय सांगणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यासाठी एक चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, असं तीनदा सगळ्यांनी थांबायचं. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ रुग्णालयांत ती सुरू झाली, तर २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. रुग्ण बाहेर निघाल्यावर एकाच पेनाने, एका दमात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केलेले फॉर्म मीही पाहिले आहेत. बाबांना प्रत्यक्ष विचारलं गेलं, हे चांगलंच झालं.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. रात्री तातडीचं सिझेरियन होतं, सर्जन बाहेरून आलेले. पोट बंद करताना एक मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) कमी भरला. मी सांगितलं, तर ते ओरडले, 'तूच मोजायला चुकलीस,' आणि टाके घालत राहिले. नंतर तो मॉप बादलीत सापडला, पण तोवर माझे हातपाय गळाले होते. मॅडम, अशा वेळी बोलायचं कसं? – बार्शी

उत्तर : सिस्टर, मॉप बादलीत सापडला म्हणून सर्जन बरोबर ठरत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या २००३ च्या एका अभ्यासात असं आढळलं, की तातडीच्या ऑपरेशनमध्ये वस्तू आत राहण्याचा धोका सुमारे नऊपट असतो. आणि जिथे वस्तू राहिली तिथे बहुतेक वेळा शेवटचा काउंट 'बरोबर' म्हणूनच लिहिलेला होता. तुमचा तर चुकलेला काउंट वेळेत लक्षात आला होता. मोजणीचा उपयोग याहून वेगळा काय असतो?

'सर, जरा बघता का' असं पुटपुटू नका. आकडा आणि मागणी एकाच वाक्यात सांगा: 'सर, दहा दिले होते, नऊ आले. टाके थांबवा, पोटात बघा.' ऐकलं नाही तर तेच वाक्य पुन्हा, त्यांचं नाव घेऊन. तिसऱ्यांदा माझ्याकडे वळा. भूलतज्ज्ञ टेबलाच्या डोक्याशी उभा असतो तो नुसता मॉनिटर बघायला नाही. काउंट जुळेपर्यंत रुग्ण टेबलावरून हलणार नाही, हे मी सांगू शकते आणि सांगते. पोट, चादरी, जमीन, बादली पाहूनही मॉप मिळाला नाही, तर तिथेच एक्स-रे काढायचा. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा खास धागा विणलेला असतो. धागा नसलेला साधा गॉज पोटाच्या ऑपरेशनला टेबलावर घेऊच नका.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली या बाई नाकाच्या साध्या ऑपरेशनसाठी आल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. नर्सने गळ्यातून श्वासमार्ग करायचा संच आणून ठेवला, तसं सांगितलंही. अनुभवी डॉक्टर मात्र नळी घालण्यातच गुंतून राहिले. बाई वाचल्या नाहीत. काय करायला हवं हे नर्सना कळलं होतं. एलेन यांचे पती मार्टिन वैमानिक. विमानात कनिष्ठाने बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं याचं प्रशिक्षण असतं, ते त्यांनी पुढे डॉक्टरांपर्यंत नेलं.

आपल्या नर्सिंग होममध्ये तर सर्जन बाहेरचे, मी माझी बॅग घेऊन आलेली, सिस्टर नव्या. म्हणून चिऱ्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, असं त्या चेकलिस्टमध्येच आहे. आपल्याकडे नेमकं तेच हसण्यावारी नेतात. नाव ठाऊक असलेल्या बाईवर 'ए सिस्टर' असं खेकसणं जरा जड जातं, असा माझा अनुभव. शिवाय सिझेरियनला बहुतेकदा कमरेत भूल दिलेली असते, तेव्हा ती बाळंतीण तुमचं सगळं भांडण ऐकत असते!

मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्याने, दोघींनी, मोठ्याने मोजा आणि दिलेला प्रत्येक गठ्ठा लगेच फळ्यावर लिहा. झालेला प्रकार मेट्रनना लेखी कळवा, काउंट किती होता आणि कधी सांगितला या वेळेसकट. आणि बादली काउंट जुळेपर्यंत थिएटरबाहेर जाऊ द्यायची नाही. तुमचा मॉप सापडला तो बादली जागेवर होती म्हणून. आवरायची घाई मावशींनाच जास्त असते, तेव्हा त्यांना हे आजच सांगून ठेवा. रात्रपाळीच्या मावशी वेगळ्या असतील, तर त्यांनाही.