वाचकांचे प्रश्न: सगळं मिळालं, मग जीव का रमत नाही?

या वेळी तीन पत्रं एकत्र घेतेय. तिघंही शिकलेले, आपल्या कामात पक्के, परदेशात जाऊन काही वर्षं झालेले. नावं देत नाहीये.

प्रश्न: ताई, मी ३७ वर्षांचा, स्ट्रक्चरल इंजिनियर. बाहेर येऊन साडेचार वर्षं झाली. पगार चांगला, संध्याकाळी सहाच्या आत घरी, मुलगी शाळेत रमलीय, बायकोलाही नोकरी आहे. तरी रविवारी संध्याकाळ झाली की कासावीस होतं. घरी फोनवर सांगायला गेलो तर म्हणतात तुला सुख बोचतंय. जुन्या ऑफिसात साइटवर काही अडलं की पहिला फोन मला यायचा, इथे साडेचार वर्षांत एकदाही आला नाही. मी कृतघ्न आहे का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. तुमच्या पत्रातली ती फोनची ओळ मी तीनदा वाचली, कारण दुखणं तिथेच आहे, रविवार संध्याकाळ ही फक्त ते वर यायची वेळ. मराठीत ओळख हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो, चार माणसांशी असलेली ओळख आणि आपण कोण आहोत ती ओळख, आणि देश बदलला की दोन्ही एकदमच हातातून जातात. पगार दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो पण ओळख परत मिळवायला वर्षं लागतात, आणि ती कोणी आपणहून आणून देत नाही.

पैसा वाढूनही आनंद कमी होऊ शकतो हे नीट तपासलं गेलंय. टोंगा बेटांवरून न्यूझीलंडला जाण्यासाठी लॉटरी असते, त्यामुळे ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा नाही लागला अशा सारख्याच लोकांची तुलना करता येते, एरवी जाणारे आणि न जाणारे मुळातच वेगळे असतात म्हणून काही कळत नाही. तर गेलेल्यांचं उत्पन्न खूप वाढलं, मानसिक आरोग्यही सुधारलं, पण आनंदाचं विचारलं तर तो कमी झाला होता. आता ते लोक काही तुमच्यासारखे डिग्री बघून निवडलेले नव्हते हे खरं, पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी खऱ्या असू शकतात एवढं तरी त्यातून घ्या. आणि घरच्यांचं म्हणाल तर ते तुमची तुलना अजून तुमच्या जुन्या पगाराशी करतायत आणि तुम्ही आता शेजारच्या डेस्कवरच्या माणसाशी करताय. दोघांचंही बरोबर, म्हणूनच फोनवर बोलणं जुळत नाही.

"सुरुवातीला होतं असं" हेही कोणी सांगितलं असेल. हे १९५५ पासून चालत आलंय, अमेरिकेत शिकायला गेलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास झाला होता, त्यात पहिले सहा महिने बरे, सहा ते अठरा महिने सगळ्यात जड आणि मग परत बरं, असं दिसलं होतं. पुढच्या अभ्यासांत दर वेळी तसं दिसलं नाही, आणि तुम्हाला तर साडेचार वर्षं झालीत, त्यामुळे नुसतं थांबून हे जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

माझं सांगते. मी नऊ वर्षं बाहेर होते, आकडेवारीचं काम करायचे. तिसऱ्या वर्षी एक ज्युनियर मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला हा आकडा मला पटत नाहीये, तू बघ ना. पाऊण तास बसलो, एका कॉलममध्ये ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडले होते. त्या रात्री मला जी झोप लागली ती पगारवाढीच्या दिवशीसुद्धा लागली नव्हती. पण तो मुलगा उगाच नव्हता आला, त्याआधी चार महिने मी दर गुरुवारी अर्धा तास ज्युनियर लोकांचं काम तपासून द्यायला लागले होते, कोणी सांगितलं नसताना.

तुमच्या धंद्यात एक गोष्ट अजून आहे, ड्रॉइंगवर सही कोणाची. बऱ्याच ठिकाणी तिथलं लायसन्स असल्याशिवाय सही करता येत नाही, अमेरिकेत पीई, कॅनडात पी.इंज., आणि मग हिशोब तुम्ही केलेला असला तरी साइटवरचा माणूस सही करणाऱ्यालाच फोन लावतो. हे तुमच्या लायकीबद्दल नाहीये, कागदाबद्दल आहे. लायसन्सची तयारी कुठवर आलीय ते पत्रात नाही. सुरूच केली नसेल तर या महिन्यात करा, आणि बॉसला सरळ सांगा की साइट व्हिजिटला मला पाठवा.

आणखी एक करून बघा. एड डीनर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आयुष्याच्या समाधानाची एक छोटी प्रश्नावली काढली, पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, बेरीज ५ ते ३५, मध्य २०. बेरीज करा, पण मी म्हणेन की तीच प्रश्नावली कामासाठी वेगळी, घरासाठी वेगळी आणि मित्रमंडळींसाठी वेगळी भरा. हा माझा घरगुती उपाय आहे, शास्त्र नाही, पण भोक नेमकं कुठे पडलंय ते लगेच दिसतं.

प्रश्न: नवऱ्याच्या ब्लू कार्डमुळे (उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना) जर्मनीत आले, दोन वर्षं झाली. मी फिजिओथेरपिस्ट, सहा वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलंय. इथे गोदामात पार्सलं पॅक करते. नवरा म्हणतो नको करूस, घरी बस, भागतंय आपलं. पण मला घरी बसायचं नाहीये. माझं शिक्षण वाया गेलं का?

उत्तर: नाही गेलं, पण असंच चालू राहिलं तर हात विसरतील, म्हणून घाई करा. तुमची एक बाजू चांगली आहे, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना एच-४ मिळतो, त्यांना २०१५ पर्यंत कामच करता येत नव्हतं आणि आजही सगळ्यांना येत नाही, कित्येक डॉक्टर, इंजिनियर बायकांची वर्षंच्या वर्षं त्यात गेली.

जर्मनीत २०१२ पासून बाहेरची पदवी तपासून घ्यायचा हक्क कायद्याने दिलाय, त्याला तिकडे आनेरकेनुंग म्हणतात. फिजिओथेरपी तिथे नियमन असलेला व्यवसाय आहे म्हणजे ही मान्यता घेतल्याशिवाय पर्याय नाही. अर्ज केला की तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि फरक निघाला तर तो लेखी कळवतात, मग एकतर परीक्षा द्यायची किंवा पूरक प्रशिक्षण घ्यायचं. तो कागद आला की बऱ्याच जणी रडतात, नकार आला असं वाटतं, पण तो नकार नाहीये, काय काय कमी आहे त्याची यादी आहे ती! जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीची, म्हणजे सहज संभाषण करता येण्याइतकी, लागते. आयक्यू नेट्झवेर्क म्हणून सल्ला केंद्रं आहेत, सल्ला फुकट मिळतो, तिथे आधी जा. आणि जुन्या हॉस्पिटलकडून किती तास कुठल्या पेशंटवर काम केलं याचं तपशीलवार पत्र मागवा, कारण अनुभवाने फरक भरून निघू शकतो पण तो कागदावर असावा लागतो.

नवऱ्याला एक सांगा, अगदी शांतपणे. "घरी बस" हे तो प्रेमाने म्हणतोय, पण तुम्हाला त्याच्याकडून हवंय ते म्हणजे आठवड्यातल्या चार संध्याकाळी स्वयंपाक आणि घर त्याच्याकडे, म्हणजे तुम्हाला भाषेच्या क्लासला बसता येईल.

प्रश्न: अमेरिकेत एच-१बी वर आठ वर्षं. मॅनेजर रात्री अकराला मेसेज टाकतो, सुट्टी मागितली की तोंड वाकडं करतो. ग्रीन कार्डची रांग एवढी मोठी की नोकरी बदलायची भीती वाटते. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे. काय करू?

उत्तर: दर वर्षी नोकरीवर आधारित साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, ही रांग तुमच्या हातात नाही, तिच्यावर जीव टांगून ठेवू नका. हातात काय आहे ते बघा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने ते मागे घेतलं तरी एरवी तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, जात नाही. नव्या कंपनीला पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० परत करावं लागेल पण तारीख जुनीच राहते, आणि एच-१बी ची एरवीची सहा वर्षांची मर्यादा संपल्यावरची मुदतवाढही त्या मंजुरीवर मिळत राहते. बरेच जण हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं मान खाली घालून बसतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. फक्त राजीनामा आधी देऊ नका. नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेव्हा आधी ऑफर, मग नव्या कंपनीचा अर्ज दाखल, जमलं तर मंजुरी, आणि मग राजीनामा. सही करण्याआधी स्वतःचा वकील गाठा, कंपनीचा नको.

आज एवढंच करा, मंजुरीच्या नोटिशीची प्रत मागून घ्या आणि तिच्यावरची तारीख बघा. १८० दिवस उलटून गेले असतील तर मला पुढच्या पत्रात फक्त ती तारीख लिहून पाठवा, मी समजेन.