स्लोव्हेनियाला निघालात? ब्लेडवरच मुक्काम ठोकू नका
पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण ब्लेडच्या तळ्याकाठी फोटो काढून परततात. तळं देखणं आहेच, आणि तिथली क्रेमश्निता (1953 पासून मिळणारी कस्टर्ड-क्रीमची चौकोनी पेस्ट्री) खाच. पण राजधानी ल्युब्लियानाहून ब्लेडला जाताना वाटेत रादोव्हलित्सा लागतं, तिथे उतरा. जुन्या गावातलं मधमाशीपालनाचं संग्रहालय छोटंसं, पण माझ्या मते अख्ख्या ब्लेडपेक्षा सरस. पूर्वी इथले शेतकरी मधपेट्यांच्या दर्शनी फळ्या रंगवत: संत, शिकारी, भांडकुदळ बायका, चावट विनोदसुद्धा! आंतोन यान्शा या इथल्याच मधपाळाच्या स्मरणार्थ 20 मे हा जागतिक मधमाशी दिन झाला. मध घ्यायचा तर चेस्टनटचा घ्या. किंचित कडवट असतो, सगळ्यांना रुचत नाही.

एक दिवस इद्रियासाठी ठेवा. पाऱ्याच्या जुन्या खाणीचं हे गाव 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाणीत उतरताना स्वेटर हवाच. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विणलेली लेस दुकानांत दिसेल; हाताची असेल तर स्वस्त नसणार, घासाघीस करू नका.

शाकाहाऱ्यांनो, इथल्या झ्लिक्रोफींत (सारण भरून उकडलेल्या छोट्या पिठाच्या पुरचुंड्यांत) बटाटा दिसला म्हणून हुरळू नका, सारणात डुकराची चरबी असते. त्यापेक्षा पनीरासारख्या ताज्या चीजचे श्ट्रुक्ली (सारण भरून गुंडाळलेले पिठाचे रोल) मागवा, तेही आधी विचारून.

शक्यतो शुक्रवारी ल्युब्लियानात असा. मार्च ते ऑक्टोबर, पाऊस नसेल तर, मध्यवर्ती बाजाराशेजारी शेफ मंडळी उघड्यावर चुली मांडतात. दुपारी लवकर गाठा, नंतर बसायला जागा मिळत नाही.