मुक्तिफौज सुरू करणारे विल्यम बूथ कोण होते?

आणंदचं एमरी हॉस्पिटल मुक्तिफौजेचं (म्हणजे साल्व्हेशन आर्मी, गरिबांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था), हे आम्हा बडोदेकरांपैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. फौज उभी करणारा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. विल्यम बूथ (१८२९–१९१२) हे इंग्लंडमधले मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाळक. पोरवयात गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केली, तिथे गरिबी अगदी जवळून पाहिली. १८६५ मध्ये पत्नी कॅथरीनसह पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं; त्यातूनच पुढे ही फौज उभी राहिली.

मला सगळ्यात भिडतो तो त्यांचा काडेपेट्यांचा कारखाना. तेव्हा काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. त्याच्या वाफेने कामगार बायकांच्या जबड्याचं हाड सडायचं. बूथ यांनी १८९१ मध्ये तांबड्या फॉस्फरसच्या काड्या काढल्या, वर मजुरीही जास्त दिली! भारतात फौज आली १८८२ साली, मुंबईत.