उबंटूवर झाकण लावलं की लॅपटॉप बॅगेत तापतो आणि हायबरनेट केला की सगळं उडतं. उपाय काय?

तुम्ही एका प्रश्नात दोन दुखणी विचारली आहेत. झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप दोन तासांनी बाहेर काढला की तापलेला असतो आणि बॅटरी संपलेली असते, हे एक. हायबरनेट (उघडं काम डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) केल्यावर बटण दाबलं की आधीचं काम न येता सगळं कोरं सुरू होतं, हे दुसरं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून एकाच ठिकाणची आज्ञा उचलून चिकटवू नका. मी प्रोग्रॅमर नाही, डीटीपीची कामं करतो, पण दोन्ही भोगून झालंय. (आज्ञा इथे मराठी अक्षरांत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाका, स्लॅश आणि अंडरस्कोअर जागच्या जागी ठेवून.)

आधी तुमचा लॅपटॉप झोप कशाला म्हणतो ते बघा: कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप. उत्तरात बहुधा एस२आयडल आणि डीप असे दोन शब्द येतील, आणि चौकटी कंसात जो असेल तो सध्या चालू. डीप म्हणजे जुनी गाढ झोप, एस३. रॅमपुरती वीज राहते, बाकी जवळपास सगळं बंद. एस२आयडल ही डुलकी. त्यात प्रोसेसर नुसता रिकामा बसतो, आणि वायफाय, एसएसडी असा एखादा घटक नीट झोपला नाही तर अख्खं यंत्र त्याच्यासाठी जागं राहतं. विंडोजमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' आलं तेव्हापासून अनेक कंपन्यांनी फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकलं, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर डीप हा शब्द दिसणारही नाही.

दिसला आणि कंस एस२आयडलला असेल, तर आधी तात्पुरतं बदलून बघा: एको डीप, मग पाइप, मग सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप. झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर हा बदल आपोआप गेलेला असतो. नीट उठला तरच ग्रबमधल्या (लॅपटॉप सुरू होताना उबंटू चढवणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या, म्हणजे उबंटूच्या गाभ्याच्या, ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप लिहायचं आणि सुडो अपडेट-ग्रब चालवायचं. डीप दिसतच नसेल तर बायोस उघडून बघा. काही थिंकपॅडमध्ये 'स्लीप स्टेट' नावाचा पर्याय असतो, त्यात विंडोजऐवजी लिनक्स निवडलं की एस३ परत मिळतं.

पण माझ्याकडे डीप चालू होतं तरी बॅग तापायची. पुण्याहून मुंबईला निघालो की कर्जत येईपर्यंत बॅटरी अर्ध्यावर. शेवटी जर्नलसीटीएल -के -बी चालवून नोंदी वाचल्या. 'सस्पेंड एंट्री', 'सस्पेंड एक्झिट', पुन्हा 'एंट्री', पुन्हा 'एक्झिट', अशा जोड्या पानभर. लॅपटॉप झोपत होता, कोणीतरी त्याला उठवत होतं, आणि झाकण बंद आहे हे कळल्यावर अर्ध्या मिनिटाने तो परत झोपत होता. उठवणारा कोण? त्याच बॅगेतला वायरलेस माउस. त्याचा खड्याएवढा रिसीव्हर यूएसबीत तसाच, माउसचं बटण चालू, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला एक क्लिक! माउस बंद केला आणि प्रश्न मिटला. तुम्हालाही अशा जोड्या दिसल्या तर कॅट /प्रोक/एसीपीआय/वेकअप बघा. 'एनेबल्ड' लिहिलेल्या प्रत्येक घटकाला लॅपटॉप उठवायची मुभा असते. एक्सएचसी किंवा तसंच नाव असलेला म्हणजे यूएसबी. ते नाव एको करून त्याच फाइलमध्ये टी केलं की मुभा जाते. दोनदा केलंत तर परत येते, तेवढं सांभाळा.

आता हायबरनेट. इथे एकच गोष्ट नीट बघायची: आज्ञा दिल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होतो की नाही?

बंदच होत नसेल, तर स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) अपुरा आहे किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आडवं आलंय. उबंटूची स्वॅप फाइल बहुधा रॅमपेक्षा बरीच लहान असते, आणि रॅममधला ऐवज तिच्यात मावायला हवा. मी सरळ रॅमएवढी करतो. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल हायबरनेट अडवतं. ते बंद करणार असाल आणि शेजारी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं विंडोज असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

तुमच्यासारखं बंद होऊन कोरं सुरू होत असेल, तर ऐवज लिहिला गेलाय, पण सुरू होताना कर्नलला तो कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नाही. ग्रबच्या त्याच ओळीत दोन गोष्टी लागतात. रिझ्यूम=यूयूआयडी=... इथे स्वॅप फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), आणि रिझ्यूम_ऑफसेट=... इथे ती फाइल डिस्कवर जिथे सुरू होते तो आकडा. हा आकडा सुडो फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅप.आयएमजी दिल्यावर पहिल्या ओळीत 'फिजिकल ऑफसेट'खाली पहिला मिळतो. (हे एक्स्ट४ या फाइल सिस्टिमसाठी. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर फाइलफ्रॅगचा आकडा चालत नाही.) मग अपडेट-ग्रब, आणि सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू.

माझं नेमकं इथेच घोडं अडलं. सगळं महिनाभर छान चाललं, मग रॅम वाढवली म्हणून जुनी स्वॅप फाइल पुसून मोठी केली. नवी फाइल डिस्कवर दुसरीकडे जाऊन बसली, ग्रबमध्ये आकडा जुनाच. त्या रात्री दिवाळी अंकाची अकरा पानं उघडी ठेवून हायबरनेट केलं. सकाळी लॅपटॉप उबंटूचा लोगो दाखवत हसतमुखाने नव्याने सुरू झाला. तेव्हा स्वॅप फाइलला हात लावलात की ऑफसेट पुन्हा काढा, आणि पहिली चाचणी एका रिकाम्या खिडकीवर घ्या.

हायबरनेट जमलं आणि डीप नाहीच मिळालं, तर दोन्हींचा मेळ घाला. /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट, आणि त्याच फोल्डरमधल्या स्लीप.कॉन्फ मध्ये हायबरनेटडिलेसेक=३०मिन. मग अर्धा तास डुलकी, त्यानंतर पूर्ण बंद. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना मात्र झाकण लावलं तरी काहीच होत नाही, ते तसंच ठरवलेलं आहे.

एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर उठल्यावर काळी स्क्रीन किंवा विस्कटलेली अक्षरं हा तिसराच विषय निघतो. तेव्हा आधी एन्व्हिडिया-सस्पेंड, एन्व्हिडिया-हायबरनेट आणि एन्व्हिडिया-रिझ्यूम या सेवा चालू आहेत का बघा. मेम_स्लीपचं उत्तर काय आलं आणि रॅम किती आहे तेवढं खाली लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.