ग्रीक-रोमन कला शिकायचीये? आधी मडकी बघ

अरे तू एकदम पार्थेनॉन आणि कोलोसियमपासून सुरू करू नकोस, सगळे तिथूनच करतात आणि दोन महिन्यांत कंटाळतात. मी म्हणेन अथेन्सची मडकी घे. नुसते फोटो स्क्रोल करू नको, एकच भांडं घे, व्हॅटिकनमधला एक्सेकियास नावाच्या अथेन्सच्या कुंभार-चित्रकाराचा अँफोरा (दोन कानांचा उंच रांजण) घे, ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीस आणि एजॅक्स सोंगट्या खेळत बसलेत तो, आणि वही काढून त्याचं चित्र काढ, वाईट आलं तरी चालेल. मग दिसतं की झग्यावरची ती बारीक नक्षी रंगवलेली नाहीये, काळ्या थरावर टोकदार हत्याराने कोरलीये. आणि तो काळा म्हणजे रंग नाहीच, मातीचाच एकदम बारीक गाळ, भट्टीत आधी हवा, मग धूर कोंडायचा, मग परत हवा, की गाळ काळा राहतो आणि बाकी भांडं लाल. इ.स.पू. 530-520 च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी हेच उलटं केलं, आकृती लाल ठेवली नि मागचं काळं. एवढं डोळ्यात बसलं की काळ ओळखायला आपोआप जमायला लागतं.

पुतळ्यांचं एवढंच लक्षात ठेव, संगमरवरी पायाला उगाच झाडाचं खोड चिकटवलेलं दिसलं तर बऱ्याचदा ती मूळ ब्राँझच्या ग्रीक पुतळ्याची संगमरवरात केलेली रोमन कॉपी असते, दगडाला टेकू लागतो ना.

भाषा नंतर बघू, पण ग्रीक अक्षरं आठवड्यात शीक, भांड्यांवर नावं लिहिलेली असतात. आणि कोल्हापूरला गेलास तर टाउन हॉल म्युझियममधला तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातला छोटासा ब्राँझचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) बघच, अंबाबाईचं दर्शन झालं की तिकडेच वळ.