तुमचे प्रश्न : एकाच कानात दोन दुखणी

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, इचलकरंजीत वीसेक वर्षं मागावर काम केलंय. उजवा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो. रिपोर्टमध्ये उजव्या कानाला 'मिक्स्ड हिअरिंग लॉस' लिहिलंय, हवेचा आकडा ७० आणि हाडाचा ४०, डावा ४५ आहे. डॉक्टर म्हणतात पडद्याचं ऑपरेशन करा, दुकानदार म्हणतो ऐकण्याचं मशीन घ्या. नक्की काय करायचं? अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का?

उत्तर : ताई, आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. रिपोर्टमध्ये लाल गोल म्हणजे उजव्या कानाला हेडफोनमधून, म्हणजे हवेतून, किती ऐकू येतं ते, आणि कंसासारखी खूण म्हणजे कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून थेट आतल्या कानाला किती कळतं ते. हे आकडे डेसिबलचे, आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी येतं. हाडाचा आकडाच ४० म्हणजे आतली नस थोडी कमजोर झालीय, वय आणि मागाचा आवाज दोन्ही कारणं असू शकतात, माग सहज ९० डेसिबलच्या वर जातो आणि असा रोजचा आवाज आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच, बारीक सुरांचं, ऐकणं खातो. उरलेला ३० चा फरक आहे तो पडद्याचा आणि मधल्या छोट्या हाडांचा, म्हणजे कान वाहून झालेला. ही दोन्ही दुखणी एकत्र असली की रिपोर्टमध्ये 'मिक्स्ड' लिहितात.

ऑपरेशनने हा ३० चा फरकच कमी होऊ शकतो, आणि तोही बहुतेक वेळा पूर्ण शून्य होत नाही. ४० तसाच राहणार. म्हणजे ऑपरेशन छान झालं तरी मशीन लागू शकतं, फक्त कमी ताकदीचं चालतं आणि आवाज जास्त स्वच्छ येतो. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असू दे, नाहीतर नंतर ऑपरेशन फेल गेलं असं वाटत राहतं.

पण माझ्या मते आधी कान कोरडा करा. वाहत्या कानात मशीनचा मोल्ड, म्हणजे कानाच्या भोकात बसणारा साचा, बसवला की हवा कोंडते आणि पू वाढतो, म्हणून दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, लसणीचं तेल अजिबात नाही, आणि जुने ड्रॉप्स घरात पडलेत म्हणून टाकू नका, पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखी काही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. घाण वास येत असेल तर डॉक्टरांना कोलेस्टिॲटोमाबद्दल स्पष्ट विचारा, म्हणजे मधल्या कानात साचून वाढणारा कातडीचा गोळा, तो हाड कुरतडत जातो, तिथे ऑपरेशन ऐकण्यासाठी नाही तर जिवाच्या सुरक्षेसाठी करावंच लागतं. चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कान काही केल्या कोरडा होत नसेल किंवा ऑपरेशन झेपणार नसेल तर हाडातून आवाज पोचवणारं मशीन असतं, कानाचं भोक मोकळं राहतं, आणि हाडाचा आकडा ४० असल्याने सासूबाईंना ते चालू शकतं. डाव्या कानाला मात्र साधं मशीन आत्ताच लावून बघता येईल, त्यासाठी उजव्याची वाट बघू नका. आणि त्यांच्याशी ओरडून बोलू नका हो, समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोला, नस कमजोर असली की मोठा आवाज फुटतो, शब्द कळत नाहीत.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचं नुकसान लागतं, डावा ४५ असल्याने सध्या ते बसत नाही. मशीनच्या खात्रीच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, जाताना जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा.