आधार त्यांच्याकडे गेलंय, आता काय?

ऑनलाइन जुगारातून बाहेर पडण्यासाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं आणि त्यांच्या घरची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: "आधार, पॅन, चेहऱ्याचा व्हिडिओ, सगळं त्या ॲपवाल्यांकडे गेलंय. आता काय होईल?" गेलेले पैसे निदान मोजता तरी येतात. आपली ओळख कुणाच्या हाती पडली आणि ती कुठं वापरली जाईल, याचा मात्र अंदाज बांधता येत नाही आणि झोप उडते ती त्यामुळेच. निपाणी भागातल्या एका मायलेकांची ही हकिकत. त्यांना कुणी ओळखू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा २४ वर्षांचा, कारखान्यात मशीनवर कामाला. सुरुवात क्रिकेटच्या सट्ट्यानं झाली, मग रंग ओळखायचा खेळ, मग मोबाईलवरचा कॅसिनो. आई विड्या वळते. तंबाखू आणि पानात वर्षानुवर्षं हात राहिल्यानं तिच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीनवर अंगठा उमटत नाही. त्यामुळे मोबाईलसमोर चेहरा धरायची तिला सवय. मुलानं नेमका त्या सवयीचाच उपयोग करून घेतला. "गृहलक्ष्मीचं व्हेरिफिकेशन आलंय. इकडं बघ, मान वळव, डोळे मिटून उघड." कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये म्हणजे तिच्या हक्काचा पैसा, तिनं शंका घेतली नाही. सट्ट्याच्या ॲपवर तिच्या नावानं खातं उघडलं आणि तिचं बँकखातंही त्याला जोडलं गेलं.

स्वतःचं नाव का नाही दिलंस, असं मी विचारलं.

"माझं नाव कुठं यायला नको होतं ओ मॅडम. घरात लग्नाचं बघायलेत."

त्याला लपायचं होतं ते घरापासून आणि गावापासून. ज्यांचा पत्ता माहीत नाही, देश माहीत नाही, अशा लोकांपुढे त्यानं आईला उभं केलं होतं. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं, कारण गोड शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतंच.

तो म्हणाला, "पण केवायसी मागतात म्हणजे कंपनी खरीच असणार असं वाटलं की." हा समज मी फार जणांकडून ऐकते. ओळख पडताळण्यामागे चांगलं कारण असू शकतं, यात शंका नाही. ब्रिटनमध्ये ७ मे २०१९ पासून नियम आहे: नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळल्याशिवाय कुणाला ऑनलाइन जुगार खेळू द्यायचा नाही. त्यामुळे अल्पवयीन मूल अडतं. 'मला खेळू देऊ नका' अशी नोंद ज्यानं स्वतःहून केलीय, त्यालाही अडवता येतं. जी माहिती आधी मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी पुढं करून अडवणूक करायलाही तिथं मनाई आहे.

"तुला कागद कधी मागितले?" मी विचारलं.

पैसे भरताना कुणी काही विचारलं नव्हतं. यूपीआयवरून १०० रुपये टाकले की खेळ सुरू. खात्यात मोठी रक्कम दिसू लागली आणि ती काढायला गेला, तेव्हा आधार हवं झालं. मग फोटो अस्पष्ट आहे म्हणून पुन्हा, मग पॅन, मग चेहऱ्याचा व्हिडिओ. थोडे पैसे आले, विश्वास बसला. शेवटी, "आधी ३० टक्के टॅक्स भरा, मग उरलेले सोडतो." आपल्याकडे असा कर जिंकलेल्या रकमेतून कापून घ्यायचा असतो, तो आधी कुणाच्या खात्यावर भरायचा नसतो. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावरच बंदी घातली. तेव्हा असलं ॲप आपल्याकडे केवायसी मागतं, ते कुठल्याही नियमासाठी नव्हे. या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे कळल्यावर त्याचे खांदे जरा सैलावले.

पण तो माझ्याकडे आला होता वेगळ्याच भीतीनं. ॲपकडून आलेले ते थोडे पैसे कुणा फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून फिरून आले होते. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेनं आईचं खातं गोठवलं होतं. गृहलक्ष्मी त्यातच अडकली. आईला वाटे, सरकारनंच पैसे थांबवलेत, आणि ती बँकेत हेलपाटे घालत होती.

"आईला सांगणार काय तुम्ही?"

उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय आणि मी तो मोडणार नव्हते. "तुझी सवय, तुझं कर्ज, तू इथं येतोस, हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही. पण आईचं नाव आणि आईचा चेहरा ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही. ते तू सांगायचंस, मी शेजारी बसते."

त्यानं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, माझं तोंड आता त्यांच्याकडंच ऱ्हाणार काय?"

खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. गेलेला फोटो परत येत नाही. माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, पण ज्यांचा ठावठिकाणाच नाही त्यांच्याकडे अर्ज कुठं करणार? आपल्या हातात जे होतं ते केलं. तिच्या आधारला मोबाईल नंबर मुलाचा जोडलेला होता, ते आधी आधार केंद्रात जाऊन बदललं. मग एम-आधार ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे ठसे, डोळे, चेहरा यांची पडताळणी, लॉक केलं. चेहरा दाखवायचं काम निघालं की तेवढ्यापुरतं उघडायचं, हे तिच्या मुलीला शिकवलं. तिच्या नावावर आणखी सिम नाहीत ना, हे संचार साथी या सरकारी पोर्टलवर पाहिलं. कुणी कर्ज काढलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये. ॲपवरचे मेसेज पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट ठेवले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवलं. दुसऱ्याची ओळख फसवणुकीनं वापरणं हा गुन्हा आहे हे वकिलांनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. मुलावर तक्रार करायची नाही हे आईनं ठरवलं. निर्णय तिचा होता, मी तिला कुठल्याच बाजूला ढकललं नाही.

मुलाला धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवलं. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजार मानलंय, त्यासाठी नुसतं बोलणं पुरत नाही. ज्यांना लगेच घराबाहेर पडणं जमत नाही, त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा.

आईचं गोठवलेलं खातं पुन्हा सुरू व्हायला काही महिने गेले, वादातली रक्कम अजून अडकलेली आहे. नव्या नव्या नंबरांवरून 'बोनस'चे मेसेज त्याला येतातच. आला की तो बहिणीला दाखवतो आणि तिच्यासमोरच ब्लॉक करतो. त्याचा पगार सध्या आईच्या नव्या खात्यात जमा होतो. त्या खात्याचा पिन तिला एकटीलाच माहीत आहे.